तीन नंबरच्या प्रेसचं कुलूप

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी चाकणच्या एका कारखान्यातली तीन नंबरची प्रेस खाली आली, तेव्हा चिमाजी गावडेचा उजवा हात तिच्या आत होता.

प्रेसला त्या वेळी कुलूप असायला हवं होतं. साच्यात पत्रा अडकला की मेन्टेनन्सच्या माणसाने आधी प्रेसला कुलूप लावायचं, मग कामगाराने आत हात घालायचा, आणि काम झालं की ज्याने कुलूप लावलं त्यानेच अंगठा टेकवून ते काढायचं, हा तिथला नियम. लोखंडी कुलपं चार वर्षांपूर्वीच भंगारात गेली होती. आता कुलूप म्हणजे प्रेसशेजारच्या खांबावर बसवलेल्या पडद्यावरचं एक लाल चित्र. त्या सकाळी ते चांदभाई मुलाणीने लावलं होतं. चांदभाई आणि चिमाजी बावीस वर्षं एकाच शेडमध्ये होते. एकाने कुलूप लावायचं आणि दुसऱ्याने हात घालायचा, हे त्यांच्यात इतक्या वेळा झालं होतं की आता बोलावंही लागत नसे.

कंप्युटरच्या नोंदीत मात्र, जिथे पडद्याला टर्मिनल म्हणतात, एक ओळ निघाली. कुलूप काढलं: चांद मुलाणी. टर्मिनल चार. वेळ ११:४२:१७.

त्या एका ओळीवर चांदभाईला घरी बसवलं गेलं. पोलिसांनी दोनदा चौकीत बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. शेडमध्ये कुणी म्हणालं, मागच्या आठवड्यात दोघांची शिफ्टवरून बोलाचाली झालीच होती. कुणी त्याच्या नावावरून आणखी चार पावलं पुढे जाऊन बोललं.

आम्रपाली ओव्हाळला हे सगळं शुक्रवारी कळलं. बेचाळीस वर्षांची ही बाई पिंपळे सौदागरला राहायची, आणि सॉफ्टवेअर कुठे आणि कसं फसलं हे शोधून काढणं हा तिचा व्यवसाय होता. कंपन्या तिला बोलवायच्या त्या उशिरा आणि नाराजीने. या वेळी फोन आला तो प्रितम वाळुंजचा. कुलपाचं सॉफ्टवेअर ज्या चिंचवडच्या कंपनीने केलं होतं, तिथला तो मुख्य. आठ वर्षांपूर्वी आम्रपाली त्याच कंपनीत होती आणि प्रितम तिच्या हाताखाली शिकला होता. अजूनही तो तिला ताई म्हणायचा.

सरळ केस आहे, असं त्याने सांगितलं. सोमवारी अकरा वाजता सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. त्याआधी बाहेरच्या माणसाचा दोन पानी अहवाल हवा होता, की सॉफ्टवेअर ठीक आहे, चूक माणसाची आहे.

आम्रपालीची कानशिलं तापली. तपासायच्या आधीच निकाल सांगणाऱ्यांचा तिला जुना राग होता. तिचे वडील कोंडीराम भोसरीच्या एका फाउंड्रीत होते. क्रेनची साखळी तुटून ते जखमी झाले तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर त्यांना मेमो पोचला होता: निष्काळजीपणा. साखळीच्या खाली उभे होते, हाच तो निष्काळजीपणा.

तिने काम घेतलं. फक्त ती एक ओळ नको, त्या दिवसाची सगळी नोंद लागेल, असं मात्र बजावलं.



"सगळी कशाला, ताई?" प्रितम म्हणाला. "ओळ तर समोर आहे."

२

चिंचवडच्या ऑफिसात प्रितमने तिचं मनापासून स्वागत केलं. तो कोईमतूरच्या एका कारखान्यात दोन आठवडे होता, सोमवारी संध्याकाळीच परतला होता आणि मंगळवारी हे उद्भवलं, असं तो थकल्या आवाजात सांगत राहिला. मग त्याने एक कोरा कागद ओढला आणि तिला शेड समजावून दिली. सहा चौकोन काढले, त्या प्रेस. प्रत्येक प्रेसशेजारी छोटा ठिपका काढून त्याच्यावर पडद्याचा नंबर घातला. तीन नंबरच्या प्रेसशेजारी त्याने ठसठशीत चारचा आकडा काढला आणि त्याभोवती गोल केला. तो कागद तिने बॅगेत टाकला.

बाकीचं तिला समजावायची गरज नव्हती, कारण त्या रचनेचा पाया तिनेच घातला होता. शेडमधल्या पडद्यात खरं तर काहीच नसतं. प्रत्येक प्रेसचं कुलूप ही चिंचवडच्या सर्व्हरमध्ये नांदणारी एक वस्तू. खांबावरच्या पडद्यात बसतो तो तिचा मुखत्यार. कामगार मुखत्याराशी बोलतो, मुखत्यार वायरीवरून वीस किलोमीटर लांबच्या खऱ्या वस्तूशी बोलतो, आणि तिचं उत्तर आणून दाखवतो. कामगाराला वाटतं, कुलूप इथेच आहे.

आणि मुखत्यार जिवंत आहे हे सर्व्हरला कळावं म्हणून प्रत्येक पडदा दर दहा सेकंदांनी हजेरी देतो.

नोंदी काढून द्यायचं काम साक्षी उगलेकडे होतं. सर्व्हर तीच सांभाळायची. पंचविशीतली, कमी बोलणारी मुलगी. आम्रपालीने विचारलं त्याला तिने हो, नाही एवढीच उत्तरं दिली, आणि ती देतानाही काचेपलीकडे बसलेल्या प्रितमकडे दोनदा पाहिलं. मग तिने पेन ड्राइव्ह आम्रपालीच्या हातात दिला.

दुपारी घरी येऊन आम्रपालीने तो उघडला. मागितलेली कुलपांची नोंद होती. तिच्याशेजारी न मागितलेली आणखी एक नोंद होती, पडद्यांच्या हजेरीची.

तिने ती वरून खाली वाचली. मंगळवारी सकाळी शेडमधल्या बावीस पडद्यांपैकी सहा पडदे एकाच क्षणी गप्प झाले होते आणि साडेतीन मिनिटांनी परत बोलू लागले होते. या नोंदीत पडद्यांचे नंबर नसतात, ते बनवणाऱ्या कंपनीने दिलेली त्यांची लांबलचक ओळख असते, त्यामुळे ते सहा कोणते हे कळत नव्हतं. वेळ मात्र स्वच्छ होती. शेवटची हजेरी, ११:४०:१७.

कुलूप निघाल्याची वेळ, ११:४२:१७.

बरोबर दोन मिनिटं. एका सेकंदाचाही फरक नाही. माणसाचं बोट असं घड्याळ लावून पडत नाही.

आम्रपाली खुर्चीत मागे टेकली. दोन मिनिटं हजेरी आली नाही तर पडदा मेला असं समजायचं आणि त्याच्या नावाने धरून ठेवलेलं सगळं सोडून द्यायचं, हा नियम तिने स्वतः लिहिला होता. आठ वर्षांपूर्वी. उत्पादनाचे आकडे दाखवणाऱ्या साध्या पडद्यांसाठी. आणि त्याच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं की सुरक्षेच्या कुठल्याही गोष्टीला हा नियम लावू नये.

३

तसं झालं असेल तर कुलूप कुणी काढलंच नव्हतं. वायर तुटली, सर्व्हरने दोन मिनिटं वाट पाहिली आणि ते आपोआप सोडून दिलं. पण मग नोंदीत "सिस्टिम" असा शब्द पडतो. तिथे चांद मुलाणी हे नाव आलं कुठून?

शनिवारी सकाळी ती भोसरीच्या हॉस्पिटलात गेली. चिमाजी भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मनगटाशी संपत होता आणि तिथे पांढरी गुंडाळी होती. त्याची बायको सुभद्राबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. कंपनीची माणसं येऊन कागदावर सह्या मागून गेली होती, त्यामुळे ती कुणालाच बसा म्हणत नव्हती.

आम्रपालीने फक्त एवढंच विचारलं, की हात घालायच्या आधी पडद्यावर काय दिसत होतं.

चिमाजीने आठवून सांगितलं. चांदभाईने कुलूप लावलं, लाल चित्र आलं, आणि तो प्रेसच्या मागे व्हॉल्व्ह बघायला गेला. मग शेडच्या त्या बाजूची लाईट एकदा लपकन गेली आणि आली. प्रेसला काही झालं नाही, तिची लाईन वेगळी.

"पडदा काळा पडला व्हता," तो म्हणाला. "मी म्हनलं, पडू दे. कुलूप तर लावल्यालं हाय. लाईट गेली म्हून कुलूप कुठं जातंय?"

त्याला तसं वाटणं अगदी बरोबर होतं. कुलूप म्हटल्यावर जगातल्या कुणालाही तसंच वाटेल. हे मनात येताच आम्रपालीला स्वतःचा आणि आपल्या धंद्यातल्या सगळ्यांचा संताप आला, ज्यांनी या माणसाच्या हातातला शब्द तोच ठेवून त्याच्या आतलं सगळं काढून घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ज्या वेळी कुणीतरी पडद्यावर अंगठा टेकवला असं नोंद म्हणते, त्या वेळी तो पडदा बंद होता.

ती उठली तेव्हा चिमाजी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहून बोलला. "त्यानं का काढलं, येवढंच इचारा त्याला. बावीस वर्सं माझा हात त्याच्या भरवशावर आत जायचा. मला बाकी काय नको."

त्याच्या आवाजात रडणं नव्हतं. राग होता, आणि तो चुकीच्या माणसावर होता. आम्रपालीच्या जिभेवर शब्द आले होते, पण हातात पुरावा नव्हता. ती गप्प बाहेर पडली.

जिन्यापर्यंत सुभद्राबाई मागून आली.

"रोज येतोय त्यो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी वर येऊ देत न्हाई. आजबी खाली गाड्यांपाशी बसलाय."

४

चांदभाई दुचाकींच्या रांगेशेजारी कठड्यावर बसला होता. पन्नाशीचा, रुंद हाडाचा माणूस. तिने ओळख सांगितली तसा तो उठला नाही. कंपनीने पाठवलंय ना, मग लिहून आणलेलं असेलच, वाचून दाखवा, असं त्याने सुनावलं.

ती त्याच्याशेजारी कठड्यावर बसली. मग तो हळूहळू बोलला. तो प्रेसच्या मागे होता, दोन्ही हातांनी पाना धरून व्हॉल्व्ह सोडवत होता. प्रेसचा आवाज झाला, चिमाजीची किंकाळी आली. प्रेस वर घेऊन हात त्यानेच मोकळा केला, स्वतःचा शर्ट फाडून त्यानेच वर आवळून बांधला. दहा माणसांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं की कुलूप तूच काढलंस. तो नाही म्हणाला. कंप्युटरमध्ये आलंय, असं उत्तर मिळालं. घरी झुलेखाने, त्याच्या बायकोने, तीन दिवस दार लावून घेतलं होतं, कारण येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारत होता.

"अंगठा मला एकच आहे, मॅडम," तो म्हणाला. "म्हणजे उजव्या हाताचा. तो पान्यावर होता."

आम्रपालीने विचारलं की त्या ओळीत टर्मिनलचा नंबर आहे, त्याबद्दल त्याने ऑफिसला काय सांगितलं.

कुठली ओळ, असं त्याने विचारलं. तेव्हा तिला कळलं की ती ओळ त्याला कुणी दाखवलीच नव्हती. निलंबन झालं, पोलीस झाले, बदनामी झाली, आणि ज्या एका ओळीवर हे सगळं उभं होतं ती वाचायला देण्याइतकंही कुणाला वाटलं नव्हतं. तिने मोबाइलवर ती काढून त्याच्यासमोर धरली.

चांदभाईने चष्मा लावून वाचली. पुन्हा वाचली. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"चार नंबर?" तो म्हणाला. "चार नंबर तर डिस्पॅचला आहे. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला."

५

ती दुपारीच चाकणला पोचली. तीन नंबरच्या प्रेसशेजारच्या पडद्यावर अकरा असा नवा कोरा स्टिकर होता. तिथून ती डिस्पॅचपर्यंत चालत गेली. ट्रकमध्ये माल चढवायच्या धक्क्यापाशी चार नंबरचा पडदा होता. तिने पावलं मोजली होती. दोनशे ऐंशी. मध्ये फोर्कलिफ्टचा रस्ता. प्रेसमागे पाना धरलेल्या माणसाने डिस्पॅचला जाऊन अंगठा टेकवायचा आणि किंकाळी ऐकताच त्याच क्षणी परत प्रेसपाशी असायचं, हे पाखरालाही जमलं नसतं.

म्हणजे ती ओळ खोटी होती. कुणीतरी "सिस्टिम" हा शब्द खोडून तिथे माणसाचं नाव घातलं होतं. आणि माणसाचं नाव घातलं की नोंद टर्मिनलचा नंबर मागते, तो रिकामा सोडता येत नाही. म्हणून त्याने नंबर घातला. प्रेसशेजारचा, आपल्याला माहीत असलेला.

प्लँट हेड जयसिंग निंबाळकरने तिला केबिनमध्ये बसवलं. उंचापुरा, नीट भांग पाडलेला. नंबर कधी बदलले, या प्रश्नाला त्याने लगेच उत्तर दिलं. नवीन लाईन टाकली म्हणून अपघाताच्या आधीच्या गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. तो स्वतः शेडमध्ये फिरून स्टिकर लावून घेत होता आणि साक्षी चिंचवडहून सर्व्हरमधले नंबर बदलत होती. अकरा हा नंबर प्रेसच्या पडद्याला आला, चार डिस्पॅचच्या पडद्याला गेला. तोंडाने तो हे सांगत होता आणि त्याच्या टेबलावर, काचेखाली, चार नंबरची ती ओळ छापून ठेवलेली होती. त्याने ती वाचली होती का? अर्थातच, तो म्हणाला. मग नंबर खटकला नाही? त्यावर तो म्हणाला की नाव स्पष्ट होतं, नंबराकडे कोण बघतो.

आम्रपालीने टेबलाची कड घट्ट धरली. या माणसाला सहज कळण्यासारखं होतं. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

मग तिने कुलपांबद्दल विचारलं. त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं की पूर्वी पडदा अडकला की कुलूपही अडकायचं. चिंचवडला फोन करा, साक्षीने ते काढून द्यायचं, तोवर प्रेस उभी. त्याने प्रितमला मार्चमध्ये ईमेल लिहून निक्षून सांगितलं होतं, की कुलूप आपोआप सुटेल असं काहीतरी करा. एप्रिलपासून तो त्रास बंद झाला.

नोंद बदलण्याचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? तिघांकडे, तो म्हणाला. साक्षी, प्रितम, आणि तो स्वतः. तिघांना मिळून एकच, त्यामुळे कुणी वापरला ते कळायचा मार्ग नव्हता.

कँटीनमध्ये चहा समोर ठेवून ती विचार करत बसली. तिघांपैकी एक. ज्याच्या डोक्यात अजून जुनेच नंबर होते असा एक. चहावर साय धरली. आणि तिला बॅगेतला कागद आठवला.

६

सोमवारी दहा वाजता कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये तिने तिघांनाही बोलावलं. इन्स्पेक्टर यायला तास होता. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर थांबता आलं नसतं.

आधी तिने हजेरीची वेळ आणि कुलूप सुटल्याची वेळ फळ्यावर एकाखाली एक लिहिली. वीज क्षणभर गेली, सहा पडदे बंद पडले, त्यांना पुन्हा सुरू व्हायला साडेतीन मिनिटं लागली, पण दोन मिनिटांनी सर्व्हरने कुलूप सोडलं आणि प्रेसने अर्धवट राहिलेला फेरा पूर्ण केला. कुलूप सुटताच थांबलेला फेरा पुढे चालू होतो, हीसुद्धा मोठी चूक आहे, ती अहवालात वेगळी लिहिली आहे, असंही तिने निंबाळकरकडे बघून सांगितलं. मग ती खोट्या ओळीकडे वळली. ज्याने ती लिहिली त्याला वाटत होतं की प्रेसशेजारी चार नंबरचा पडदा आहे. साक्षीला तसं वाटणं शक्य नाही, तिने आपल्या हाताने तो नंबर बदलला होता. निंबाळकरांना शक्य नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत स्टिकर लागला होता. तिसरा माणूस त्या गुरुवारी कोईमतूरला होता.

तिने बॅगेतून कागद काढला आणि टेबलावर सरकवला. सहा चौकोन, ठिपके, आणि गोल केलेला चार.

"हे तू मला शुक्रवारी काढून दिलंस," ती प्रितमला म्हणाली. "अपघाताला तीन दिवस झाले होते. इथल्या झाडूवाल्यालाही तोवर अकरा नंबर पाठ होता."

प्रितम कागदाकडे बघत राहिला. मग त्याने खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली, जणू कुणी परक्याची गोष्ट. निंबाळकर मागे लागले होते. नवीन काही लिहायला वेळ नव्हता. पडद्यांचा हजेरीचा नियम तयारच होता, तो त्याने एका दुपारी कुलपांना जोडून टाकला. साक्षीने ईमेलमध्ये शंका काढली होती, तिला त्याने गप्प बसायला सांगितलं. मंगळवारी बारा वाजता त्याने नोंद उघडली, सिस्टिम हा शब्द पाहिला आणि त्याच्या जागी चांदभाईचं नाव घातलं. दोनशे माणसांची कंपनी बसली असती, असं तो म्हणाला.

"म्हणून एक माणूस बसवलास," आम्रपाली म्हणाली.

मग त्याने मान वर केली. आता त्याच्या डोळ्यांत भीती कमी आणि हिशेबीपणा जास्त होता. "नियम मूळचा तुझा आहे, ताई. फाइलवर अजून तुझं नाव आहे. हे छापलंस तर पहिलं नाव तुझंच येईल. मी तुलाच का बोलावलं, तुला काय वाटलं?"

 तिला तेव्हा ते सगळं लख्ख कळलं. तो ताई म्हणत होता, आदराने स्वागत करत होता, तो याच भरवशावर. आपल्या नावाला जपण्यासाठी ही बाई चांदभाईचं नाव जाऊ देईल, हे त्याने गृहीत धरलं होतं. आठ वर्षांपूर्वी तिने त्याला पहिल्यांदा सर्व्हर दाखवला होता, त्याची प्रत्येक चूक शेजारी बसून सुधारली होती. त्यातून तो तिच्याबद्दल एवढंच शिकला होता.

तिने अहवालाचं पहिलं पान उलटून त्याच्यासमोर धरलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की दोन मिनिटांचा नियम मूळचा आम्रपाली कोंडीराम ओव्हाळ यांनी लिहिला. सुरक्षेला लावू नये अशी सूचना त्यांनी फक्त फाइलीत लिहून ठेवली. तसा वापर होऊच नये अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालणं त्यांना शक्य होतं, ती त्यांनी घातली नाही.

"शनिवारीच लिहिलंय," ती म्हणाली.

प्रितमने पान वाचलं आणि हळूच परत ठेवलं. निंबाळकर काही बोलू लागला, की त्याने फक्त मागणी केली होती, तांत्रिक बाजू त्याला माहीत नव्हती. तिने त्यालाही त्याची ईमेल कोणत्या पानावर जोडली आहे ते सांगितलं. साक्षी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती उठली, पर्समधून दुसरा एक पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलाच्या मध्यावर ठेवला. मंगळवारी बारा वाजायच्या आत तिने नोंदीची प्रत घेऊन ठेवली होती. त्यात चांद मुलाणी कुठेच नव्हता.

"शुक्रवारीच द्यायला हवी होती," ती म्हणाली. "मी घाबरले."

तेवढ्यात खाली गेटवर इन्स्पेक्टरांची गाडी आल्याचा निरोप आला.

७

दुपारी तीन वाजता आम्रपाली चांदभाईला घेऊन हॉस्पिटलात गेली. या वेळी सुभद्राबाईने वाट अडवली नाही. पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आम्रपालीने चिमाजीला सगळं साध्या शब्दांत सांगितलं. लाईट लपकली तेव्हा चिंचवडच्या कंप्युटरला वाटलं, इथला पडदा मेला. म्हणून त्याने कुलूप सोडून दिलं. चांदभाईने काही केलं नव्हतं. त्याचं नाव नंतर घुसडलं, आणि घुसडणारा पोलिसांच्या ताब्यात आहे. तो नियम पहिल्यांदा लिहिणारी मीच, हेही तिने सांगितलं. चिमाजी नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि ते बघणं तिला इन्स्पेक्टरच्या दोन तासांच्या प्रश्नांपेक्षा जड गेलं.

मग तो चांदभाईकडे वळला.

"सायबांनी कागद दावला मला," तो म्हणाला. "त्यावर तुजं नाव व्हतं."

चांदभाई खिडकीशी उभा होता. सहा दिवस तो कोंडून ठेवलेला राग घेऊन खाली गाड्यांपाशी बसला होता, आणि तो राग आता सुटका झाली म्हणून निवला नव्हता.

"कागदावर माझं नाव होतं," तो म्हणाला. "आणि तुझा हात काढताना मी तुझ्या तोंडासमोर होतो, चिमा. माझ्या तोंडावर काय होतं ते तुला दिसलं नाही?"

  सुभद्राबाईने डोळ्याला पदर लावला. बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर खडखडत गेलं.

चांदभाईने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि खाटेशेजारी बसला, चिमाजीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तो उठत नव्हता. आम्रपालीला वाटलं आपण आता इथे नसावं. तिने बॅग उचलली.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा चिमाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला, पाणी पाहिजे. सुभद्राबाई पुढे झाली, पण त्याआधीच चांदभाई उठला होता. त्याने तांब्यातून ग्लास भरला, डावा हात चिमाजीच्या मानेखाली घालून त्याला उचललं आणि ग्लास त्याच्या ओठांना लावला. पाणी संपेपर्यंत त्याने तो स्थिर धरून ठेवला. नजर मात्र खिडकीबाहेरच ठेवली.